देहावेगळा माणूस : एका नव्या मताचा विचार

काही महिन्यांपूर्वी आमच्या गावचा एक तरुण सुटीत घरी आला होता. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. दंडवत करून बसल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “काका, माणूस म्हणजे देह नव्हे, देह हे वस्त्र आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता शास्त्रज्ञही तेच म्हणू लागले आहेत. मेंदूतील सारी रचना यंत्रात उतरवून घेतली की देह गेला तरी माणूस राहील, असे त्यांच्यातील कित्येकांचे मत आहे. मग आपले शास्त्र विज्ञानाने मान्य केले असे म्हणावयास काय हरकत?” त्याच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, उलट आनंदच होता. मी त्या वेळी ‘विचार करून सांगतो’ एवढेच म्हणालो. पुढील विवेचन त्या उसन्या उत्तराची फेड होय.

कोणत्याही मताचा परामर्श घेण्यापूर्वी ते मत त्याच्या साऱ्या बळासह मांडले पाहिजे. तेव्हा आधी पूर्वपक्ष. या मताला पाश्चात्त्य विद्वान ‘मानवोत्तर’ विचार म्हणतात. मनुष्यानंतरचा, अथवा मनुष्यपणाच्या पलीकडे गेलेला प्राणी हा त्याचा विषय. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी संदेशातील माहिती मोजण्याचे एक गणिती माप तयार केले. तारा आणि टेलिफोन यांतून किती संकेत निर्दोष पोहोचू शकतात, हा त्यांचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी या मापाचा संबंध नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून ठेवले होते. परंतु १९४६ ते १९५३ या काळात अमेरिकेत गणिती, अभियंते, मेंदूचे अभ्यासक आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या ज्या परिषदा भरल्या, त्यांत हे माप हळूहळू यंत्रावरून प्राण्यावर आणि प्राण्यावरून माणसावर उतरले. त्या परिषदांचे एक अग्रणी नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्ये असे लिहिले की, देहातील द्रव्य तर नित्य पालटतच असते, टिकते ती केवळ रचना. तेव्हा माणसाची रचना तारेने पाठवून दुसरीकडे तसाच माणूस उभा करणे तत्त्वतः अशक्य नाही, अडचण आहे ती व्यवहाराची. पुढे १९८८ मध्ये हॅन्स मोरावेक या यंत्रमानवांच्या अभ्यासकाने तर तिची कृतीच वर्णन केली. एक यंत्र-शल्यवैद्य मेंदूचा थर उलगडीत जातो, प्रत्येक थराचे काम संगणकात उतरवितो आणि तो थर काढून टाकतो; अखेरीस कवटी रिकामी होते, देह विझतो आणि माणूस यंत्रात जागा होतो. आज प्रयोगशाळांतून जे बोलले जाते ते बहुतांशी याच कल्पनेचे विस्तार आहेत.

या मताची ओढ केवळ मृत्यूच्या भयातून निघते असे समजणे अन्यायाचे होईल. देह ही पुष्कळांच्या वाट्यास आलेली शिक्षा आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये यंत्र विचार करते की नाही हे ठरविण्यासाठी जी कसोटी सुचविली, तीत परीक्षक आणि परीक्षार्थी एकमेकांस दिसत नाहीत. केवळ लिखित प्रश्नोत्तरे होतात. बुद्धीचा निवाडा देह दृष्टीआड ठेवून व्हावा, ही त्यामागील दृष्टी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, समलिंगी संबंधांबद्दल त्यांच्यावरच खटला झाला, तुरुंगाऐवजी देहावर औषधांचा मारा सोसावा लागला, आणि १९५४ मध्ये त्यांचा अंत झाला. ज्याच्या देहाला समाज असा छळतो त्याला देहाचा पडदा हवासा वाटावा यात नवल नाही. १९८५ मध्ये डोना हॅरावे यांनी माणूस आणि यंत्र यांच्या मिश्रणाचे जे स्वागत केले, तेही स्त्रीदेहावर ‘निसर्गा’च्या नावाने लादलेल्या बंधनांना उत्तर म्हणून. आपल्याकडे देहाच्या स्पर्शावरून, त्याच्या ऋतूवरून, त्याच्या जन्माच्या जागेवरून माणसांची काय विटंबना झाली, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. मात्र लीळाचरित्र वाचणाऱ्याला एवढे दिसते की, त्या विटंबनेवर तेथे शोधलेला उपाय देह नाहीसा करण्याचा नव्हता. जवळ बसविणे, एकत्र जेवणे, स्त्रियांच्या विटाळाची कल्पना मोडून काढणे हा होता. आणि ही सारी देहानेच करावयाची कामे आहेत.

आता त्या तरुणाच्या मूळ शंकेकडे वळू. देह म्हणजे मी नव्हे, हे वाक्य दोन्हीकडे आहे, म्हणून सिद्धांत एकच काय? यंत्रात उतरवावयाचे ते काय, हे प्रथम पाहावे. आठवणी, आवडीनिवडी, बोलण्याची ढब, स्वतःचे नाव, स्वतःविषयीचा अभिमान. यांना आपली बहुतेक दर्शने आत्म्याच्या बाजूस ठेवीतच नाहीत. मन, बुद्धी, अहंकार ही सारी प्रकृतीची, म्हणजे ज्या बाजूला हाडमांस आहे त्याच बाजूची. वस्त्र टाकण्याच्या गोष्टी करणारा हा पंथ प्रत्यक्षात एक वस्त्र टाकून आतले दुसरे अधिक घट्ट आवळून धरतो. विरक्ताला ज्या ‘माझे’पणाचा त्याग करावयाचा असतो, तोच येथे जतन करावयाचा ठेवा झाला आहे. यास देहातीतता म्हणणे म्हणजे घर सोडताना तिजोरी डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसाला संन्यासी म्हणण्यासारखे आहे.

शिवाय त्या सूक्ष्म ठेव्यालाही आधार हवाच. सांख्यकारिकेने चित्राचा आणि छायेचा दृष्टांत देऊन लिंगशरीरही आश्रयावाचून राहत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. कॅथरीन हेल्स या विदुषी रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे साहित्याकडे वळल्या; त्यांनी १९९९ मध्ये मानवोत्तर विचाराचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप याच जातीचा होता. माहिती म्हणून काही हवेत तरंगत नसते; ती कागदावर, तारेत, पेशीत, कशावर तरी असते. तो आधार विसरणे ही विज्ञानाची निष्पत्ती नसून एका विशिष्ट काळात पडलेली सवय आहे, असे त्या दाखवून देतात. ईश्वरकृष्ण त्यांच्या वाचनात होते की नाही हा प्रश्न गौण. दोघांची दृष्टी एकाच ठिकाणी अडली, हे मला लक्षणीय वाटते.

कोणी परकायाप्रवेशाचा दाखला देईल. श्रीचक्रधरस्वामींच्या पतितदेह-स्वीकाराचा विचार येथे अभिप्रेत नाही. ती ईश्वराची प्रवृत्ती, तिला जीवाचे माप लावू नये. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले ही दिग्विजयातील कथा मात्र येथे घेता येईल. त्या कथेतही नवा देह रिकाम्या भांड्यासारखा वागत नाही. त्या देहाचे भोग आचार्यांना वेढतात आणि शिष्यांना येऊन त्यांना स्वरूपाची आठवण करून द्यावी लागते. कथाकाराला एवढे ठाऊक होते की देह पालटला तर आत शिरलेलाही पूर्वीचा राहत नाही.

यावर प्रतिपक्षी म्हणेल : ग्रंथाचे पाहा. ताडपत्रावरील ग्रंथ कागदावर उतरविला, बाळबोधातला सकळ लिपीत लिहिला, तरी ग्रंथ तोच. मग माणूस का नव्हे? हा दृष्टांत आम्हांला फारच जवळचा असल्याने त्याकडे नीट पाहू. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि ज्यांच्या मुखी ते होते त्यांच्या आठवणीतून ते पुन्हा लिहिले गेले, असे परंपरा सांगते. आधार गेला तरी ग्रंथ टिकला खरा. परंतु तो मधल्या काळात कोठे होता? माणसांत होता, म्हातारपण, ताप, भूक असलेल्या माणसांत. आणि प्रत्येकातून तो किंचित वेगळा बाहेर आला. पाठभेद त्यातूनच उपजले. आधार पालटताच मजकुरात फरक पडतो, याचा पुरावा हवा असेल तर तो आपल्या संपादकांनी एकेका लीळेखाली बारीक अक्षरांत छापून ठेवलेला आहे.

पण समजा, नक्कल अगदी निर्दोष झाली. ग्रंथाच्या दोन शुद्ध प्रती निघाल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. माणसाच्या दोन प्रती निघाल्या तर? डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये हा पेच मांडला होता : पृथ्वीवरील माणसाची रचना टिपून मंगळावर तसाच माणूस उभा केला आणि मूळचाही मागे जिवंत राहिला, तर खरा कोण? पारफिट यांचा निष्कर्ष असा की, ‘तोच’ असण्याला आपण वाटते तितके महत्त्व नाही. बुद्धीला हे पटेलही. परंतु आचाराच्या अंगाने पाहता मला ते पटत नाही. एकाने व्रत घेतले, एकाने कर्ज काढले, एकाने लेकराला ‘संध्याकाळी येतो’ असा शब्द दिला. आता तो शब्द दोहोंपैकी कोणी पाळावयाचा? दोघांना देण्याची आठवण सारखीच आहे. शब्द दिला जातो तो एका ठिकाणी, एका वेळी, एका तोंडाने. आणि पाळावयाचा झाला तर त्याच पायांनी चालत जावे लागते. देह एकच असणे ही जबाबदारीची खुंटी आहे.

आता आठवण ही केवळ रचना आहे काय, याविषयी खुद्द विज्ञान काय सांगते ते पाहू, कारण तरुण मंडळींचा विश्वास तेथे अधिक. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेने त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही आतील भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेली नवी गोष्ट त्याच्या स्मरणात राहीनाशी झाली. २००८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत शास्त्रीय लेखांत तो केवळ आद्याक्षरांनी ओळखला जाई. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास दिली. हे काम अवघड आहे. हात भलतीकडे वळतो. तीन दिवस सराव झाला आणि त्याचा हात सफाईने चालू लागला, मात्र हे आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला आठवण नव्हती. ‘मी शिकलो’ असे सांगणारा कोणी आत नव्हता आणि शिकणे तर झाले होते.

मी लहानपणी एका वृद्ध महंतांजवळ सकळ लिपी शिकलो. आज कोणी एकाएकी विचारले की अमुक अक्षराच्या जागी कोणते अक्षर येते, तर मला सांगता येत नाही. मांडीवर बोट फिरवावे लागते. बोट लिहिते आणि मग मला कळते. मोलेसनची हकीकत वाचली तेव्हा ते बोट आठवले.

पाहणे तर आपण डोळ्यांचे व मेंदूचे काम समजतो. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढविलेल्या मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या चक्राला जोडल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरे टोपलीत बसून त्याच्या चालीबरोबर फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून दृश्ये सारखीच जात. चालणारे पिल्लू नीट पाहावयास शिकले. टोपलीतील पिल्लू मात्र समोर पृष्ठभाग आला असता पाय पुढे टाकीना, अंगावर वस्तू येत असता डोळा मिटीना. मोकळे सोडून स्वतःच्या पायांनी हिंडू दिल्यावरच ते शिकले. सूक्ष्म कृमीच्या एका जातीत मज्जापेशी अवघ्या ३०२ आहेत; त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या नकाशावरून कृमीचे सारे वागणे अद्याप उकललेले नाही, कारण पेशींभोवती वाहणारे रस नकाशात येत नाहीत. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार पेशींचाही नकाशा झाला. हे कार्य थोर आहे. परंतु गावाचा नकाशा काढला म्हणजे गावचा बाजार भरतो असे नाही.

साहित्यिकांना हे अगोदरच उमगले होते. वेताळाने विक्रमाला विचारलेल्या कोड्यांत, पतीचे शिर दुसऱ्याच्या धडावर आणि दुसऱ्याचे पतीच्या धडावर बसले असता पती कोणता, हा एक प्रश्न आहे. राजा उत्तर देतो : ज्याचे शिर तो पती, कारण शिर हे उत्तम अंग. मोरावेक यांनी हे उत्तर आनंदाने मान्य केले असते. पण टोमास मान यांनी १९४० मध्ये आणि गिरीश कर्नाड यांनी १९७१ मध्ये ‘हयवदन’ नाटकात ही कथा पुन्हा हाती घेतली ती राजाच्या उत्तराने समाधान झाले नाही म्हणूनच. कर्नाडांच्या नाटकात शिर हळूहळू धडाला आपल्या वळणावर आणते हे खरे. परंतु कपिलाला मिळालेल्या परक्या देहात त्या देहाच्या आठवणी उरतात, ज्या स्पर्शांना त्याच्या मस्तकाने कधी जाणले नाही त्या स्पर्शांच्या. मस्तकाजवळ त्यांना नाव नाही, म्हणून त्या अधिकच छळतात.

हे सारे वादापुरते राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. २०२० मध्ये दक्षिण कोरियात दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम दाखविला गेला. एका आईची लहान मुलगी आजाराने गेली होती. यंत्रतज्ज्ञांनी तिचे रूप, आवाज, हालचाली तयार केल्या. आईच्या डोळ्यांवर उपकरण आणि हातांत स्पर्शाचा भास देणारे मोजे चढविले. मुलगी समोर आली, बोलली. आई हात पुढे करून तिला कवटाळू पाहत होती, आणि हातांत येईल असे तेथे काही नव्हते. त्या आईला बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही. मला त्या प्रसंगाने माझ्याच घरातील उलट प्रसंग आठवला.

माझ्या आईची स्मृती अखेरच्या चार वर्षांत गेली. प्रथम नातवंडांची नावे गेली, मग माझे, शेवटी स्वतःचे. मानवोत्तर मताच्या हिशेबाने पाहता जी रचना म्हणजे माझी आई, ती विस्कटून गेली होती. उरला होता तो केवळ आधार. आणि ज्यांनी या मताचे नावही ऐकले नव्हते अशी आमची भावकीची माणसे अगदी तेच बोलत. “आता तिला काय कळतेय?” हे वाक्य घरात आले की त्यामागून पुष्कळ गोष्टी येतात. जेवण निवले तरी चालते. तिच्यासमोर तिच्या अंत्यविधीच्या खर्चाची चर्चा चालते. अंग पुसताना दार लोटून घेण्याचे राहून जाते. हे वाक्य मीही उच्चारले आहे. एका दुपारी ती पाणी मागत होती की आणखी काही ते समजेना, मी कंटाळलो होतो, आणि पत्नीला म्हणालो, “राहू दे, तिला काय कळतेय.” पत्नी काही बोलली नाही. तिने तांब्या नेला आणि आईच्या ओठांना लावला. आई प्याली.

त्या तरुणाला मला हेच सांगावयाचे आहे. तुझ्या शास्त्रज्ञांचे मत खरे ठरले तर यंत्रात कोण जागा होईल ते होवो. परंतु ज्यांची रचना विस्कटली आहे किंवा जिची घडी अजून बसलीच नाही अशा वृद्धांना, वेड्यांना, तान्ह्या लेकरांना ते मत आजच माणसांच्या यादीतून खाली उतरविते. आमच्या घरी त्यासाठी यंत्राची वाट पाहावी लागली नाही.

आईच्या अखेरच्या हिवाळ्यात पत्नी एकदा परातीत जोंधळ्याचे पीठ मळीत असता आई शेजारी बसली होती. पत्नीने सहज एक उंडा तिच्या हातावर ठेवला. आई बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग तिने परातीत पीठ भुरभुरले, उंडा ठेवला आणि थापू लागली. तळवा आपोआप फिरत होता, कडेला बोटे नेमकी दाबली जात होती. भाकरी गोल झाली. ती कोणासाठी थापली हे तिला सांगता आले नसते. तव्यावरून उतरल्यावर तिने ती मोडली आणि अर्धी माझ्याकडे सरकविली.